तांडेलाची जागा

"दादा, खंय आसस?" मी वायरलेसवर विचारलं.

"भेरीच्या डोंगरासमोर. वीस वाव पाणी," पलीकडून खरखरीत आवाज आला, आणि मी ते लिहून घेतलं. टेबलाच्या पलीकडे वहिनी उभी होती. तिने पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि विचारलं, "भेरीसमोर म्हणजे दक्षिणेकच मां?" मी मान हलवली. तेवढं ऐकून ती निघाली.

हे रोजचंच होतं. आंबेरखोल मच्छीमार संस्थेच्या ऑफिसात दुपारी चारला फेरी व्हायची. फेरी म्हणजे समुद्रात असलेल्या प्रत्येक होडीला वायरलेसवरून हाक मारायची, कुठे आहे ते विचारायचं आणि टिपून ठेवायचं. बाजारातून परत येताना वहिनी बरोबर त्या वेळी ऑफिसात डोकावायची. दादाचा आवाज ऐकायची, दिशा विचारायची आणि घरी जायची. तिन्हीसांजेला तुळशीपाशी दिवा लावला की दादा ज्या दिशेला असेल त्या दिशेला तोंड करून हात जोडायची. मी तिला त्यावरून चिडवायचे. म्हणायचे, देव काय होकायंत्र घेऊन बसलाय? ती नुसती हसायची.

त्या दिवशीही तिने दक्षिणेकडे तोंड करून हात जोडले. आणि दादा दक्षिणेला नव्हता.

ही वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. आता प्रत्येक होडीवर यंत्र असतं आणि किनाऱ्यावर बसून पडद्यावर तिचा ठिपका बघता येतो. तेव्हा तसलं काही नव्हतं. तेव्हा होडी कुठे आहे हे एकट्या तांडेलाला ठाऊक असायचं. तांडेल म्हणजे होडीचा मुख्य, आणि चांगली मासळी कुठे लागते ही त्याची खरी कमाई. ती जागा तो भावाला सांगत नाही, बायकोला सांगत नाही. वायरलेस सगळ्या होड्यांवर एकदम ऐकू येतो, त्यामुळे फेरीत जो तो थाप मारायचा. उत्तरेला असलेला दक्षिण सांगायचा, तीस वाव खोल पाण्यात असलेला पंधरा सांगायचा. ऐकणाऱ्यांनाही ते ठाऊक असायचं. त्यात कुणाला पाप वाटत नव्हतं. आमच्या बंदरात ती रीतच होती.

मी संस्थेची सेक्रेटरी. बी.कॉम. झालेली, आईवडील गेल्यावर दादा-वहिनीकडेच राहणारी. संस्थेत चार खिडक्या होत्या. डिझेलची, बर्फाची, लिलावाची आणि वायरलेसची. प्रत्येक खिडकीचं रजिस्टर वेगळं, कुलूप वेगळं आणि तोरा तर त्याहून वेगळा. डिझेलवाले खराडे आपलं रजिस्टर काखेत मारून जेवायला जायचे. बर्फवाल्याला काही विचारलं तर तो विचारायचा, कोणी सांगितलंय विचारायला. मासळी दर वर्षी कमी होत होती, होड्या लांब लांब जात होत्या, आणि कुठल्या महिन्यात कुठल्या पाण्यात काय मिळतं हे अख्ख्या संस्थेत कुणालाच सांगता येत नव्हतं. प्रत्येकाकडे तुकडा होता आणि प्रत्येक जण आपल्या तुकड्यावर बसून होता.

मला रत्नागिरीला एका प्रशिक्षणाला पाठवलं. तिथे शिकवणाऱ्या बाईंनी फळ्यावर मोठ्या अक्षरात 'माहिती धोरण' असं लिहिलं, आणि मला वाटलं आता झोप येणार. पण त्या एक गोष्ट बोलल्या ती डोक्यात बसली. त्या म्हणाल्या, संगणक कुणीही आणून देईल. माणसं माहिती द्यायला कधी लागतात, तर दिलेल्या माहितीने आपला घात होणार नाही अशी खात्री पटली की. ती खात्री आधी बांधा.

परत आल्यावर मी तेच करायला घेतलं. चारही रजिस्टरं एका संगणकात आणायची, आणि तांडेल सकाळी डिझेल घ्यायला आले की त्यांनी त्या दिवसाची खरी जागा मला कानात सांगायची. वायरलेसवर हव्या तेवढ्या थापा मारा, पण खरं माझ्यापाशी ठेवा. एक तर कुणाला काही झालं तर शोधायला कुठे जायचं ते कळेल. दुसरं म्हणजे वर्षभराची माहिती साठली की कुणाचंही नाव न घेता सगळ्यांना दाखवता येईल, अमुक पाणी थकलंय, त्याला विश्रांती द्या. कुणाची जागा कुणाला सांगितली जाणार नाही, हा माझा शब्द.

तांडेल ऐकून घ्यायचे आणि विड्या ओढायचे. माझ्या शब्दाला काय किंमत? शेवटी दादाच उभा राहिला. म्हणाला, मी सांगेन. पण अध्यक्षांनी देवळात गाऱ्हाणं घालायला हवं.

अध्यक्ष नाना खवणेकर. दोन ट्रॉलरचे मालक, बोलायला गोड आणि दिसायला देवमाणूस. त्यांनी लगेच कबूल केलं. सातेरीच्या देवळात सगळे जमले, नारळ ठेवला, आणि नानांनी स्वतः गाऱ्हाणं घातलं की संस्थेत सांगितलेल्या जागेवर दुसऱ्या कुणी जाळं मारलं तर त्याला देवी विचारील. सगळ्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हटलं. त्यात सगळ्यात मोठा आवाज आतूकाकांचा होता.

आतूकाका म्हणजे आत्माराम मुंबरकर, बंदरातले सगळ्यात जुने तांडेल. आमचे वडील गेले तेव्हा दादा जेमतेम मिसरूड फुटलेला होता. त्याला सुकाणू धरायला, पाण्याचा रंग ओळखायला काकांनी शिकवलं. काका त्याला दामू म्हणायचे. स्वतःला मूलबाळ नव्हतं. दादाला होडी घ्यायची झाली तेव्हा 'सातेरीप्रसाद' हे नावही त्यांनीच सुचवलं.

तो हंगाम चांगला गेला. सकाळी खिडकीपाशी एकेक तांडेल वाकायचा आणि कानात जागा सांगायचा. कुणी लाजत, कुणी इकडेतिकडे बघत. दादा तर मुद्दाम मोठ्याने खाकरायचा आणि मग कुजबुजायचा, म्हणजे मागच्यांना हसू यायचं. दुपारी वहिनीशेजारी बसून मी त्याची थाप ऐकायचे, खरं ठाऊक असून गप्प राहायचे. एकदा तिने विचारलं, "तुका तरी खरा ठावक आसा मां?" मी म्हटलं, आहे. ती म्हणाली, मग झालं तर.

शिमग्याला मी मावशीकडे चार दिवस राहायला गेले. परत आले आणि बघते तर नानांच्या दोन्ही ट्रॉलरनी दादाच्या जागा खरवडून काढल्या होत्या. एकट्या दादाच्याच नव्हे, आणखी तिघांच्या. माझ्या माघारी नानांनी कारकुनाला संगणक उघडायला लावला होता. मी जाब विचारायला गेले तर नानांनी खुर्ची दिली, चहा मागवला.

"हर्षदा, माहिती संस्थेची की तुझी?" ते म्हणाले. "संस्थेची असेल तर अध्यक्षाने बघायची नाही? आणि मी कुठे गेलो? खलाशी गेले. देवीला सगळं समजतं."

मी कमिटीत विषय काढला. मला वाटलं होतं भांडण होईल. भांडणसुद्धा झालं नाही. अर्ध्या कमिटीला नाना हंगामाच्या आधी उचल द्यायचे, उरलेली अर्धी मान खाली घालून बसली. मग मी संगणकाला कुलूप घातलं आणि किल्ली गळ्यात अडकवली. बैल गेल्यावर झोपा करायची अक्कल सगळ्यांनाच असते, तशी मलाही होती.

दादा चिडला नाही. चिडला असता तर मला बरं वाटलं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो खिडकीपाशी आला, डिझेल घेतलं आणि नेहमीसारखा वाकला.

"बाय, तुझो दोष नाय," तो म्हणाला. "पण आतापासून माका खरा विचारू नको."

तेव्हापासून तो सकाळी मला आणि दुपारी वायरलेसवर एकच थाप सांगायचा. बाकीचेही तेच करायला लागले. संगणक रोज भरला जात होता, मुंबईचे साहेब येऊन शाबासकी देऊन गेले, आणि त्यात एक अक्षर खरं नव्हतं. पावसाळ्यानंतर दादाला सुरमई भरभरून मिळायला लागली. नवी जागा शोधलीय हे सगळं बंदर समजून होतं. कुठे, ते कुणाला कळत नव्हतं.

त्या दिवशी फेरी झाली आणि तासाभरात वारं फिरलं. कार्तिकातला वारा असा अचानक उठतो तेव्हा जुनी माणसंही भांबावतात. काळोख पडायच्या आत होड्या एकामागून एक आत आल्या. सातेरीप्रसाद आली नाही. मी वायरलेसवर हाका मारत राहिले. उत्तर नव्हतं.

रात्रीच मी तटरक्षक दलाला कळवलं होतं. उजाडताना त्यांचा फोन आला. पलीकडच्या अधिकाऱ्याने एकच विचारलं, शेवटची जागा कुठली?

मी म्हटलं, "लिहिलीय ती भेरीच्या डोंगरासमोर. पण ती खरी नाही."

तो म्हणाला, "खरी नाही तर लिहिलीत कशाला, मॅडम?"

त्याला काय सांगणार होते? देवळातला नारळ, नानांचा चहा, गळ्यातली किल्ली, हे सगळं फोनवर कसं सांगायचं? मी म्हटलं, दुसरी माहीत नाही. तो म्हणाला, मग आम्ही लिहिलेल्या जागेपासूनच सुरुवात करणार, समुद्र मोठा आहे.

मी जेटीवर गेले. वारं उतरलं होतं. सगळे तांडेल होड्या काढायच्या तयारीत होते, नानासुद्धा दोन्ही ट्रॉलर घेऊन. त्या सगळ्यांसमोर उभी राहून मी विचारलं, दादाची नवी जागा कुणाला ठाऊक आहे? असेल त्याने सांगावं, आता लपवायची वेळ नाही. कुणी बोललं नाही. ते खोटं वागत होते असं नाही, त्यांना खरोखरच ठाऊक नव्हतं. माझ्यापाशी दादाच्या जुन्या जागा होत्या. दिलेला शब्द मोडून मी त्या सगळ्यांच्या देखत मोठ्याने सांगितल्या. नाना एकेक जागा ऐकत होते आणि वर बघत नव्हते. सगळ्याच जागा त्यांना माहीत होत्या.

होड्या गेल्या. काही जुन्या जागांवर, बाकीच्या दक्षिणेला. आतूकाकांची होडी जेटीला नव्हती. मला वाटलं, ते सगळ्यांच्या आधीच दक्षिणेला गेले असतील. त्यांच्यासारखा माणूस थांबणार कसा?

वहिनी घरी बसून राहिली नाही. ऑफिसात आली आणि माझ्या शेजारी बसली. दिवसभर वायरलेसवर होड्यांचे आवाज येत होते, इथे काही नाही, तिथे काही नाही. चार वाजले. फेरी घ्यायची की नाही ते मला कळेना. वहिनी म्हणाली, घे. मी एकेक नाव घेत गेले, आणि त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा सगळ्यांनी खऱ्या जागा सांगितल्या. शोधायला गेलेला माणूस थाप कशाला मारील? आतूकाकांनी मात्र हाकेला उत्तर दिलं नाही.

ते दुसऱ्या दिवशी दुपारी परत आले. होडीत गणू होता, दादाच्या दोन खलाशांपैकी धाकटा. थर्मोकोलच्या पेटीला धरून तरंगताना सापडलेला, अंगाची सालं निघालेली. दुसरा खलाशी नव्हता. दादा नव्हता.

इस्पितळात गणू बोलायला लागला तेव्हा वहिनी आणि मी दोघीही खाटेपाशी होतो. लाट आत आली, इंजिन बंद पडलं, वायरलेसची बॅटरी भिजली, होडी उलटली, हे सगळं त्याने तुटक तुटक सांगितलं. वहिनीने विचारलं, ते कधीपर्यंत होते? गणू माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, सांग.

दादा रात्रभर होता. दुसऱ्या दिवशीही दुपार कलेपर्यंत होता. सकाळी लांब दक्षिणेकडे, अगदी क्षितिजाला टेकून, विमान घिरट्या घालताना दिसलं. गणूने ओरडायला सुरुवात केली तेव्हा दादाने त्याला थांबवलं. म्हणाला, दम घालवू नको.

"तांडेल म्हणालो, हंय कोण येवचो नाय," गणू म्हणाला. "मीच तेंका थंय धाडलंय."

वहिनीने पदर तोंडात कोंबला. मला रडूही आलं नाही. मी बाहेर आले आणि सरळ बंदरावर गेले.

आतूकाका होडीच्या कडेला बसले होते. जाळं समोर होतं, पण हात चालत नव्हते. मी विचारलं, गणू तुम्हाला कुठे सापडला? ते म्हणाले, दिव्याच्या उत्तरेला. आमचं दीपगृह बंदराच्या उत्तरेला आहे. म्हणजे सगळ्या होड्या होत्या त्याच्या बरोब्बर उलट. मी विचारलं, तुम्ही तिकडे कसे गेलात? विचारता विचारताच मला समजलं. दादाने नवी जागा एका माणसाला सांगितली होती.

"तुमका ठावक होता," मी म्हटलं.

"व्हय."

"मग सांगलात कित्या नाय, काका? सगळ्यो होड्यो थंय गेल्यो असत्यो."

ते माझ्याकडे बघत राहिले. त्यांच्या डोळ्यांत लबाडी असती तर मी त्यांना तिथेच काहीबाही बोलले असते. पण त्यांना माझा प्रश्नच नीट कळत नव्हता.

"तेचो जागो, बाये," ते म्हणाले. "माका एकट्याक सांगल्यान. तेचो जागो मी नानाच्या देखत कसो सांगतलंय? मी म्हटलंय, आपण जावन तेका घेवन येतंय."

रात्र सरायच्या आधी ते कुणाला न सांगता निघाले होते. त्या उधाणलेल्या पाण्यात, त्या वयात, दोन खलाशांना घेऊन. जीव द्यायला तयार होते. वायरलेस मुद्दाम बंद ठेवला होता, कुणी विचारलंच तर खोटं बोलावं लागू नये म्हणून. फेरीत रोज थाप मारणाऱ्या माणसाला दादाच्या बाबतीत तेवढी एक थाप मारायची नव्हती. दिवसभर ते एकाच होडीने एवढं पाणी धुंडाळत राहिले. दादा हात सोडून गेला तेव्हा काकांची होडी त्याच पाण्यात कुठेतरी होती. गणूने सांगितलं, एकदा लांब होडी दिसली होती. एकच. ती वळून निघून गेली.

मी काकांच्या शेजारी बसले. त्यांच्यावर रागावता येईना आणि त्यांना क्षमाही करता येईना.

दादा सापडलाच नाही. दिवस झाले, तेराव्याला नाना आले, अंगणात उभे राहिले. वहिनीने त्यांना पाणी दिलं. त्यांनी राजीनामा वगैरे दिला नाही. आमच्याकडे कोण देतं? पण त्यानंतर चारच्या सुमाराला ते ऑफिसात कधी थांबले नाहीत. मी नोकरी सोडायचं ठरवलं होतं, कागद लिहून तयारही होता. महिना संपेपर्यंत फेरी घेऊ म्हणून बसत होते. होड्या पुन्हा जायला लागल्या होत्या, आणि खोटं सांगायची कुणाला हिंमत होत नव्हती, खरं सांगायचीही होत नव्हती. विचारलं की, "हयच आसंव," एवढंच उत्तर यायचं.

वहिनी त्या दिवसापासून ऑफिसात आली नव्हती. घरी दिवा लावायची, पण हात कुठल्या दिशेला जोडायचे हे तिला कळत नव्हतं. तुळशीपाशी घुटमळून आत यायची. एकदा जेवताना म्हणाली, माणूस गेल्याचं दुःख करता येतं गं, पण कुठे गेला तेच ठाऊक नसेल तर? गणू दिव्याच्या उत्तरेला सापडला होता, पण वाऱ्या-लाटांनी तो कुठून तिथवर वाहत आला ते त्याला धड सांगता येत नव्हतं. आणि आतूकाकांना विचारायचं तिच्या जिभेवर आलं नाही, माझ्याही आलं नाही. ते विचारणं म्हणजे त्यांच्याकडून दादाशी बेइमानी मागणं, असं आम्हा दोघींनाही वाटत होतं. बघा, आम्हीही त्याच बंदरातल्या.

मग एक दिवस सकाळी काका घराशी आले. आत आले नाहीत. पायरीखालूनच वहिनीला म्हणाले, चार वाजता ऑफिसात ये. आणि गेले.

ती आली. नेहमीच्या जागी, टेबलाच्या पलीकडे उभी राहिली. मी फेरी सुरू केली. काकांचं नाव आलं.

"काका, तुमी खंय आसात?"

खरखरीतून काकांचा आवाज आला, सावकाश, एकेक शब्द सुटा. सगळ्या होड्यांवर तो ऐकू जात होता, नानांच्या ट्रॉलरवरसुद्धा.

"लिव, बाये. दिव्याच्या उत्तरेक. देवळाचो कळस आनी गरुडाचो कडो एका रेषेत धरूचो, आनी थंयसून भायर, बत्तीस वाव. खाली खडकाळ खडपी आसा. दामूच्या जाग्यार आसंय." ते थांबले. "जाळा मारूक नाय."

कुठल्याच होडीवरून आवाज आला नाही. एरवी फेरीत मध्येच कुणी खाकरायचं, कुणी थट्टा करायचं. माझ्या हातात पेन होतं आणि समोरचा कागद दिसत नव्हता. मी डोळे पुसले आणि लिहायला लागले.

"परत सांगूक सांग तेंका," वहिनी म्हणाली.

मी सांगितलं. काकांनी सगळं पुन्हा सांगितलं, कळस, कडा, बत्तीस वाव. वहिनी ओठ हलवत ते पाठ करत होती. पाठ झालं तशी ती घरी गेली.

मी राजीनामा दिला नाही. पुढे काय काय झालं, संस्थेचं धोरण कसं पुन्हा उभं राहिलं, ते सांगायला बाकीचे आहेत. मला आठवते ती त्या दिवसाची तिन्हीसांज. मी घरी पोचले तेव्हा दिवा लावून झाला होता. वहिनी तुळशीपाशी उभी होती. लग्न होऊन आल्यापासून तिने या अंगणात, नवरा सांगेल त्या दिशेला हात जोडले होते, आणि त्यातली खरी दिशा कुठली होती हे तिला कधीच कळलं नव्हतं. आता ती उत्तरेकडे तोंड करून उभी होती.